तोडा, चाप आणि माप

हातकणंगले तालुका हा धातूचा तालुका आहे, हे शेतीच्या आणि उसाच्या चर्चेत सहसा विसरले जाते. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्र्यांतून मोटारगाड्यांचे ओतीव भाग निघतात. हुपरीत चांदीचे पैंजण घडतात. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून परक्या देशी बनलेल्या मागाचा तुटलेला भाग पाहून तसाच दुसरा घडवून देणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या या भागात झाल्या. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या नावाने पंचतारांकित म्हणविली जाणारी वसाहतही उभी राहिली आहे. आमच्या वर्गांत बसणाऱ्या कितीतरी मुलामुलींचे वडील या भट्ट्यांवर आणि लेथवर काम करतात. या सगळ्या धातुकामात एक वस्तू मात्र कोठेच नाही. ती म्हणजे बंदूक.

नाही हे बरेच आहे, असे कोणी म्हणेल, आणि आम्हीही ते सहज खोडून काढणार नाही. पण एका माणसाने उचलून चालवावयाच्या हत्याराची, म्हणजे ज्याला आज 'लहान शस्त्र' म्हणतात त्याची, रचना येथे का थांबली, आणि थांबलेली रचना पुन्हा कशी सुरू होऊ पाहत आहे, हा प्रश्न निव्वळ लष्करी नाही. एखादा समाज वस्तू वापरतो, वस्तूची नक्कल करतो आणि वस्तू नव्याने रचतो, या तीन गोष्टींत जे अंतर असते त्याचा हा इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात पडावे याला आणखी एक कारण आहे. या इतिहासाचा एक चांगला पुरावा आपल्या शब्दकोशात पडून आहे.

बंदुकीच्या मराठीतील शब्दांकडे एकदा नीट पाहावे. 'बंदूक' अरबीतून आला. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' पोर्तुगिजांनी दिले. 'दारू' हा औषधाचा अर्थ असलेला फारसी शब्द. तो आपल्याकडे तोफेत भरावयाचे आणि पेल्यात ओतावयाचे अशा दोन्ही द्रव्यांना लागला, यावर अधिक भाष्याची गरज नाही. हे शब्द बाहेरचे खरे. पण त्यांच्याभोवती जे शब्द जमले ते घरचे आहेत. नळी, कान, तोडा, चाप, घोडा, गज, ठासणी, बत्ती, नेम. कानावर ठेवलेली दारूची चिमूट ती रंजक. तोड्याची बंदूक वेगळी, चकमकीची वेगळी, ठासणीची वेगळी. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली ती १८५७ साली, म्हणजे हा सगळा संसार अजून डोळ्यांसमोर असताना. वाक्प्रचारांतही तो शिरला. आपण प्रश्नांची सरबत्ती करतो, कोणाचा बार फुसका निघतो, कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. वस्तू हाताळणाऱ्यांनी, तिच्या पोटात हात घालणाऱ्यांनी घडविलेली ही भाषा आहे.

आणि मग ती थांबते. बोल्ट, मॅगझिन, बॅरल, ट्रिगर, गॅस रेग्युलेटर: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर बंदुकीत जे जे आले त्याला मराठीत रुळलेला शब्द नाही. शासकीय परिभाषाकोशांनी काही शब्द सुचविले असतील. ते कोणाच्या तोंडी बसले नाहीत. शब्दांची ही यादी जेथे तुटते तेथेच आमचे लक्ष अडले.

प्रारंभ मात्र तुटका नव्हता. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवे घेतले, आणि अल्बुकर्क याने १५१३ मध्ये आपल्या राजाला लिहिताना गोव्याचे कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात असे कळविले. बोहेमिया म्हणजे त्या काळच्या युरोपातील नावाजलेले धातुकाम. तेव्हा ही प्रशंसा लहान नव्हे. तोड्याची बंदूक ही तशी साधी योजना आहे. नळीच्या मागच्या टोकाला कान, कानाशी लहानशी पेली, पेलीत रंजक. आणि सुताचा जळता तोडा धरणारा एक वाकडा चिमटा, जो चाप दाबला की पेलीवर टेकतो. गोव्याच्या परंपरेत हा चिमटा पितळी कमानीच्या जोरावर झटक्याने पडत असे. हीच झटक्याची रचना पोर्तुगिजांबरोबर पूर्वेकडे गेली, आणि १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर उतरलेल्या ज्या बंदुकांपासून जपानची बंदूक जन्मली तिचे मूळ गोवे-मलाक्का या पट्ट्यात आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. कोकणच्या किनाऱ्यावरची एक कमान जपानी युद्धशास्त्राच्या इतिहासात जाऊन बसली, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठे सांगितलेले आम्हांला आढळले नाही.

उत्तरेकडे अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या कारखान्यांचे जे वर्णन केले आहे तेही या संदर्भात वाचण्याजोगे आहे. लोखंडाचा पत्रा गुंडाळून त्याच्या कडा एकावर एक चढवीत नळी करण्याची पद्धत, तोड्यावाचून पेट घेणारी बंदूक, एका बैलाच्या शक्तीवर सोळा नळ्या एकदम साफ करणारे चक्र, असे कितीतरी तेथे आहे. बादशहाच्या आवडत्या बंदुकीला 'संग्राम' असे नाव होते. या वर्णनात कल्पकता ओसंडून वाहते. पण ही कल्पकता बादशहाच्या मर्जीशी बांधलेली होती, आणि मर्जी वारसाहक्काने पुढे जात नाही.

कोल्हापूरच्या वाचकाला याच संदर्भात रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' आठवेल. १७१५-१६ च्या सुमाराचा, करवीरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीतला हा ग्रंथ. दुर्गप्रकरणात दारूखाना वस्तीपासून दूर कसा असावा, दारू आणि बाण ठरावीक दिवसांनी बाहेर काढून त्यांना ऊन कसे द्यावे, हे अमात्य असे सांगतात की पावसाळ्यात पन्हाळा पाहिलेल्या माणसाला ते ताबडतोब पटावे. त्याच ग्रंथात टोपीकरांविषयीचा प्रसिद्ध सावधगिरीचा उतारा आहे. या लोकांचे बळ आरमारात आणि दारूगोळ्यात आहे, म्हणून त्यांना समुद्रकिनारी ठाणे करू देऊ नये, असा त्याचा आशय. अमात्यांनी शत्रूचे बळ अचूक ओळखले. तरीही आम्हांला तो उतारा शिकविताना दरवेळी एक जागा रिकामी वाटते. त्यांचे हत्यार आपल्यापेक्षा वेगळे कशामुळे, आणि ते तसे करावयाचे तर कोणाला कामाला लावावे, हा प्रश्न तेथे येत नाही. साठवण येते, राखण येते, रचना येत नाही. अर्थात राजनीतीच्या ग्रंथाकडून लोहाराच्या भात्याची अपेक्षा करणे हा थोडा अन्यायच आहे.

अठराव्या शतकात प्रश्न अधिक बोचरा झाला, कारण युरोपात चकमकीची बंदूक सर्वत्र आली. जळता तोडा गेला, म्हणून शिपायांना खांद्याला खांदा लावून उभे करता आले; पुढे संगीन बसविता आली, म्हणून भालेकऱ्यांची गरज सरली. आपल्याकडची तोड्याची बंदूक लांब नळीची, जाड पोटाची, दूरवर आणि अचूक मारणारी होती. एकट्या नेमबाजाच्या हाती ती चकमकीच्या बंदुकीला भारी पडे. उणीव होती ती दोन क्षुद्र वस्तूंची. एक, चांगल्या पाण्याची पोलादी कमान, दुसरी, स्क्रू. आपल्या जुन्या बंदुकांत नळी दांड्याला तारेने वा कातडी वादीने बांधलेली दिसते ती उगीच नव्हे. एकसारखे आटे पाडण्याचे साधन असल्याशिवाय चकमकीचे यंत्र शेकड्यांनी करता येत नाही. एखादे करता येते, आणि तेही उत्तम. पण पहिल्याचा स्क्रू दुसऱ्याला बसत नाही.

पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी चकमकीच्या बंदुका घेऊन लढल्या, हे सर्वज्ञात आहे. त्यांची कवायत हैदराबादच्या नोकरीत बुसीच्या हाताखाली घडलेली होती. पण महादजी शिंद्यांनी त्यानंतर जे केले ते या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. १७८४ नंतर द बॉइनला हाताशी धरून त्यांनी पलटणी तर उभ्या केल्याच. शिवाय आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुकांचे कारखाने चालविले. तेथील बंदूक दहा रुपयांत पडे आणि ती उत्तम असे, अशी नोंद इंग्रज लेखकांनीच केली आहे. १८०३ मध्ये असई येथे या सैन्याने जो मार दिला त्याची कडू आठवण वेलस्लीला जन्मभर राहिली. रँडॉल्फ कूपर या इतिहासकाराने तर असे सप्रमाण मांडले आहे की मराठ्यांचा पराभव हत्यारांच्या मागासलेपणामुळे झालाच नाही. पैसा, फोडलेले युरोपीय अधिकारी आणि तुटलेली आज्ञाव्यवस्था ही कारणे होती.

कूपरचे हे म्हणणे आम्हांला मान्य आहे, पण ते पराभवाचे उत्तर आहे, रचनेचे नव्हे. आग्र्याचा कारखाना युरोपातील बंदुकीच्या बरोबरीची बंदूक करीत होता. म्हणजे समोर नमुना होता. नमुना बदलला असता तर कारखान्याने नवा नमुना उचलला असता, हेही खरे. परंतु नमुना बदलण्याचे काम कोणाचे, हे ठरलेले नव्हते. सँगस्टर हा नोकर, महादजी हे धनी, आणि नळ्या घडविणारे लोहार अनाम. या तिघांत बोलणे होत असेल तर त्याचा कागद मागे उरलेला नाही.

नेमक्या याच वर्षांत पॅरिसमध्ये एक वेगळीच गोष्ट चालली होती. ऑनोरे ब्लाँ नावाचा बंदूककार चकमकीच्या यंत्राचे सुटे भाग पेटीत मिसळून ठेवी आणि पाहुण्याला म्हणे, हवे ते उचला. कोणताही भाग कोणत्याही यंत्रात बसे. १७८५ मध्ये हे पाहिलेल्यांत अमेरिकेचा वकील टॉमस जेफर्सन होता; त्याने स्वहस्ते भाग जुळवून पाहिले आणि मायदेशी कळविले. फ्रान्समध्ये ही कल्पना रुजली नाही. अमेरिकेत ती रुजावयास चाळीस वर्षे लागली. हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात जॉन हॉल याने १८२० च्या दशकात आपल्या रायफलीसाठी यंत्रे केली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोजपट्ट्यांचे संच केले. प्रत्येक भागाला त्याचे गेज. गेजात बसला तो भाग खरा. न बसला तो कितीही सुबक असो, भंगारात. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात अशा रायफली इंग्रजांनी पाहिल्या आणि काही वर्षांतच एनफिल्डच्या सरकारी कारखान्यासाठी अमेरिकन यंत्रे विकत घेतली.

आमच्या मते बंदुकीच्या इतिहासातील सर्वांत मोठा शोध दारूचा नव्हे, रायफलीच्या आट्यांचाही नव्हे. तो या मापाचा आहे. कारागिराच्या बोटांत असलेले ज्ञान मापाने बोटांबाहेर काढले. बाहेर आले म्हणून ते दुसऱ्याला देता आले, तपासता आले आणि बदलताही आले. 'हा भाग एवढ्याने कमी करून पाहू' असे म्हणावयाचे तर 'एवढ्याने' म्हणजे किती, हे दोघांना सारखे कळावे लागते. शिरोलीत ज्यांनी कास्टिंगवर गेज लावून पाहिले आहे त्यांना हे आम्ही सांगावयास नको. सांगावयाचे ते आमच्यासारख्या ग्रंथोपजीवी लोकांना, ज्यांना कारागिरी म्हटले की हळवे होण्याची सवय आहे.

एनफिल्डच्या काडतुसांवरून हिंदुस्थानात काय पेटले ते नव्याने लिहीत नाही. कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ रोजी सत्ताविसाव्या मुंबई पायदळ पलटणीचे शिपाई उठले. कर्नल जेकबने ती पलटण नि:शस्त्र केली. पुढे चिमासाहेबांना कराचीस पाठविले गेले. त्याआधी १८४४ चे गडकऱ्यांचे बंड पन्हाळ्याने आणि सामानगडाने पाहिलेच होते. लोकस्मृतीत या घटना शौर्याच्या आणि शोकाच्या आहेत. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्यानंतर जे शांतपणे झाले ते अधिक खोल गेले. इंग्रजांनी देशी शिपायासाठी एक वेगळी बंदूक काढली. बाहेरून ती हुबेहूब एनफिल्ड. आतून मात्र नळीतील आटे काढून टाकलेले. गोऱ्या शिपायाला रायफल, काळ्याला तिच्यासारखी दिसणारी साधी नळी. वसाहतवादावर एवढे नेमके रूपक एखाद्या कादंबरीकाराने योजिले असते तर आपण त्याला अतिरेकी म्हटले असते.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने उरलेले काम केले. परवान्यावाचून हत्यार बाळगता येईना, तसे बनविताही येईना. लोहार विळे-कोयत्यांकडे वळले. परिणाम असा की १९०९ च्या डिसेंबरात नाशकात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर जे पिस्तूल झाडले ते बेल्जममध्ये बनलेले ब्राऊनिंग होते. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या हस्ते पाठविलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक. महाराष्ट्रातील सशस्त्र क्रांतीच्या त्या पर्वाचे धैर्य येथले, विचार येथला, हत्यार मात्र लिएजजवळच्या एका कारखान्यातले. आणि त्या कारखान्याकडेही रचना आली होती ती जॉन ब्राऊनिंग या अमेरिकन माणसाकडून, जो आपली रचना विकून पोट भरत होता. रचना हा स्वतंत्र व्यवसाय होऊन चुकला होता, त्या वेळी आपल्याकडे तिचा उच्चार गुन्हा होता. मराठी शब्दांची यादी का तुटली, याचे उत्तर येथे आहे.

सरकारचे स्वतःचे कारखाने अर्थात निघाले. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. बंगालमध्ये ईशापूरला विसाव्या शतकाच्या आरंभी रायफली होऊ लागल्या. तेथे लाखो हातांनी उत्कृष्ट उत्पादन केले, पण नकाशे विलायतेहून येत. स्वातंत्र्यानंतरही ही रीत लगेच बदलली नाही. १९६२ मध्ये आपला जवान एका वेळी एक गोळी भरणाऱ्या बोल्टच्या थ्री-नॉट-थ्रीनिशी स्वयंचलित हत्यारांसमोर उभा राहिला, तेव्हा घाई सुरू झाली. १९५८ साली स्थापन झालेल्या आणि आज पुण्याच्या पाषाण भागात असलेल्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने, जिला सगळे 'एआरडीई' म्हणतात, बेल्जियन एफएएल रायफलीच्या धर्तीवर आपली एसएलआर बसविली. जळगाव जिल्ह्यात वरणगावला १९६४ मध्ये काडतुसांचा कारखाना उभा राहिला. एसएलआर भक्कम होती, जवानांना ती आवडे. ती नक्कल होती असे म्हणून तिला कमी लेखू नये. विसर पडलेली लिपी पुन्हा गिरविण्यासारखे ते होते.

पुढचे पाऊल 'इन्सास'. १९८० च्या दशकात पाषाणच्या अभियंत्यांनी ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसासाठी स्वतःची रायफल रचावयास घेतली. आतील यंत्रणा कलाश्निकोव्हच्या वळणाची, गॅस नियंत्रण एफएएलसारखे, ओढावयाची मूठ जर्मन धर्तीवर डावीकडे पुढे. सलग गोळीबाराऐवजी तीन-तीन गोळ्यांचा झोत. असे वेचून घेणे हा दोष नाही. जगातील बहुतेक चांगल्या रायफली वेचूनच झाल्या आहेत, कलाश्निकोव्हही. पण रचना सुरू होऊन रायफल हाती पडेपर्यंत दशकाहून अधिक काळ गेला, मधल्या काळात पूर्व युरोपातून एके जातीच्या बंदुका विकत आणाव्या लागल्या. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत इन्सासची प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या, तीन गोळ्यांचा झोत बिघडल्याच्या तक्रारी आल्या. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्याने लढाईत रायफली अडकल्याची तक्रार जाहीरपणे केली. सुधारणा झाल्या, सुधारित आवृत्त्या निघाल्या. तरी नाव गेले ते गेले.

इन्सासवर हसणे सोपे आहे आणि वृत्तपत्रांनी ते यथेच्छ केले. आम्हांला त्यात वेगळे काही दिसते. गोठणाऱ्या थंडीत कोणते प्लॅस्टिक तडकते हे कळावयास प्रतिभा लागत नाही. ते सांगणारा माणूस लागतो, आणि त्याचे ऐकणारा. रचना करणारी संस्था एका खात्यात, उत्पादन करणारे कारखाने दुसऱ्या खात्यात, वापरणारा जवान तिसरीकडे. आणि तिघांमध्ये फाइल. आग्र्यात सँगस्टर, धनी आणि लोहार यांच्यात जे अंतर होते तेच येथे कागदांनी भरलेले होते. माप आले होते, पण 'हे माप बदला' असे म्हणण्याची वाट लांब होती. २०२१ च्या १ ऑक्टोबरला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या. खडकी आणि वरणगाव आता म्युनिशन्स इंडिया या कंपनीत आहेत. पाटी बदलल्याने वाट आखूड होते की नाही, हे इतक्या लवकर सांगता येणार नाही.

त्याच वर्षीच्या जानेवारीत एक लहानशी पण आमच्या दृष्टीने बोलकी गोष्ट घडली. महूच्या इन्फंट्री स्कूलमधील लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि एआरडीई यांनी मिळून रचलेले नऊ मिलिमीटरचे मशीन पिस्तूल जाहीर झाले. वजन दोन किलोंच्या आत. वरची बाजू विमानांसाठी वापरतात त्या जातीच्या ॲल्युमिनियमची, खालची कार्बन फायबरची. चापाच्या भागांसह काही भागांचे नमुने धातूच्या त्रिमिती छपाईने केलेले. रचना ते नमुना हा प्रवास चार महिन्यांचा. नाव 'अस्मि'. सरकारी पत्रकात या शब्दाचा अर्थ अभिमान, स्वाभिमान आणि परिश्रम असा दिला आहे. संस्कृतचे पहिले पुस्तक वाचलेल्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की 'अस्मि' म्हणजे 'मी आहे'. हत्याराच्या तोंडी उत्तमपुरुषी क्रियापद घातले गेले, हे बहुधा कोणाच्या ध्यानातही आले नसावे. असो. २०२४ मध्ये सैन्याच्या उत्तर विभागासाठी अशी ५५० पिस्तुले घेण्यात आली. ती हैदराबादच्या लोकेश मशीन्स या यंत्रे बनविणाऱ्या कंपनीने केली.

या घटनेत वापरणारा आणि रचणारा एका मेजावर आला. दशकाचे चार महिने झाले याचे श्रेय त्रिमिती छपाईला देण्याचा मोह होतो, आणि काही अंशी ते योग्यही आहे. पूर्वी एका नमुन्यासाठी साचा करा, ओता, कापा, घासा. तो चुकला की पुन्हा साचा. आता संगणकातील आकृतीत रेघ सरकविली की दुसऱ्या दिवशी नवा भाग हातात. पण छपाईचे यंत्र 'काय बदलावे' हे सांगत नाही. त्याच धर्तीवर ८ जानेवारी २०२४ ला पुण्यात 'उग्रम' ही ७.६२ मिलिमीटरची रायफल दाखविण्यात आली. एआरडीई आणि हैदराबादची द्वीपा आर्मर यांनी शंभराहून कमी दिवसांत ती उभी केली. आणि २०२५ मध्ये एआरडीईच्या रचनेच्या कार्बाइनसाठी पुण्याच्या भारत फोर्जची बोली सर्वांत कमी ठरली. सव्वाचार लाख कार्बाइनची ही खरेदी दोन पुरवठादारांत वाटली जावयाची होती. सैन्याची मुख्य रायफल मात्र अजून बाहेरच्या रचनेचीच: २०१९ मध्ये मागविलेल्या ७२,४०० अमेरिकन सिग रायफली, आणि अमेठीजवळ कोरव्यात बनणारी रशियन रचनेची एके-२०३.

पुढे काय, याविषयी जगभर बरीच भाकिते होतात. आम्हांला त्यांतील बरीचशी फुगविलेली वाटतात. धातूचे काडतूस, धूररहित दारू आणि १८८६ ची फ्रेंच लेबेल रायफल येथवर मोठ्या उड्या होऊन गेल्या. मागच्या गोळीच्या वायूने पुढची गोळी भरणारी यंत्रणा दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास स्थिरावली. १९४७ ची कलाश्निकोव्ह आजच्या जवानाच्या हाती दिली तर तो ती सहज चालवील. १८४७ ची बंदूक १९४७ च्या जवानाला अजबखान्यातली वाटली असती. टरफलाशिवायचे काडतूस जर्मनांनी करून पाहिले आणि सोडून दिले. अमेरिकेने २०२२ मध्ये ६.८ मिलिमीटरची नवी रायफल निवडली, तिच्यातील नावीन्य बरेचसे काडतुसाच्या दाबात आणि वर बसविलेल्या, अंतर मोजून नेम सुधारणाऱ्या दुर्बिणीत आहे. बंदूक जवळजवळ तीच. तिचा डोळा बदलतो आहे.

खरी उलथापालथ दुसरीकडे आहे. २०१३ मध्ये टेक्सासच्या कोडी विल्सनने 'लिबरेटर' नावाच्या, जवळजवळ सर्वस्वी प्लॅस्टिकच्या छापील पिस्तुलाची संगणकीय आकृती सर्वांसाठी खुली केली. हत्यार म्हणून ते सामान्यच होते. पण हॉलच्या गेजांनी कारागिराच्या बोटांतून जे माप बाहेर काढले ते आता कारखान्यातूनही बाहेर पडले. ज्याच्याकडे यंत्र त्याच्याकडे बंदूक. १८७८ च्या कायद्याला वस्तू पकडता येत होती, लोहार पकडता येत होता. आकृती पकडावयाची कशी, याचे समाधानकारक उत्तर आज कोणत्याही देशाच्या कायद्याजवळ नाही. रचनेचे स्वातंत्र्य हवे असे आम्ही वर इतके पोटतिडकीने म्हटले, त्या स्वातंत्र्याचा हाही एक चेहरा आहे, आणि तो पाहून आम्ही अस्वस्थ होतो. शाळकरी मुले मारली गेल्याच्या बातम्या अमेरिकेतून येतात, तेव्हा आपला शस्त्र कायदा कडक आहे याचे बरे वाटते; तो मूळचा कोणी आणि कशासाठी केला हे ठाऊक असूनही.

या अस्वस्थतेसह एक व्यावहारिक प्रश्न मात्र उरतोच. संरक्षण उत्पादनाची कामे खासगी उद्योगांकडे जाऊ लागली की त्यातले सुटे भाग लहान कारखान्यांकडे उतरतात. मोटारींच्या बाबतीत पुण्याची कामे कोल्हापूर भागात अशीच उतरली. उद्या अशा कार्बाइनचा एखादा ओतीव वा घडीव भाग शिरोलीच्या किंवा पंचतारांकित वसाहतीच्या दारात आला, तर त्याच्याबरोबर नकाशा येईल, गेज येईल, नापास झालेल्या मालाचा हिशेब येईल. भट्टीजवळचा माणूस कधीतरी पाहील की अमुक कोपऱ्यात धातू नीट भरत नाही, तेथली जाडी थोडी वाढविली तर भाग टिकेल. ते कोणाला सांगावे, यासाठी त्या नकाशावर एखादी जागा ठेवलेली असेल का. आणि तो सांगू लागला तर कोणत्या शब्दांत सांगेल?